वाचकांचे प्रश्न : पेशी माहिती कशात साठवते आणि ऊर्जा कशात?

पेशींतील सेंद्रिय रेणूंविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. ते वेगवेगळ्या ठिकाणांहून आले असले, तरी त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती क्रमाने वाचावीत अशी विनंती आहे.

प्रश्न : डीएनएमध्ये केवळ चार प्रकारचे बेस असतात. एवढ्या थोड्या घटकांत एका संपूर्ण सजीवाची माहिती कशी मावते, आणि ती रेणूच्या नेमक्या कोणत्या भागात असते? – बारावीची विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : माहिती कोणत्याही एका बेसमध्ये नसते, ती बेसच्या क्रमात असते. डीएनएच्या साखळीचा कणा शर्करा आणि फॉस्फेट यांच्या एकाआड एक जोडणीने बनलेला असून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा असतो. कण्यातील प्रत्येक शर्करेला ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन किंवा सायटोसिन यांपैकी एक बेस जोडलेला असतो आणि समोरच्या साखळीवर ॲडेनिनपुढे थायमिन, तर ग्वानिनपुढे सायटोसिन येतो. या दोन्ही जोड्यांची रुंदी जवळजवळ सारखीच असल्यामुळे बेस कोणत्याही क्रमाने आले तरी दुहेरी सर्पिलाचा एकंदर आकार फारसा बदलत नाही. रसायनशास्त्र येथे कोणत्याही एका क्रमाला झुकते माप देत नाही, आणि नेमकी हीच तटस्थता माहिती साठवण्यासाठी आवश्यक असते. एखादाच क्रम रासायनिकदृष्ट्या सोयीचा असता, तर सर्व सजीवांत तोच पुन्हा पुन्हा आढळला असता आणि त्यातून काहीही सांगता आले नसते.

गंमत अशी की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत अशीच होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील फीबस लेव्हीन यांच्या मते डीएनएमध्ये चारही बेस समप्रमाणात असून त्यांचा चौकडा तसाच्या तसा पुन्हा पुन्हा येत असे. असा एकसुरी रेणू आनुवंशिकतेचा वाहक असू शकत नाही, ते काम वीस प्रकारच्या अमिनो आम्लांनी बनलेली प्रथिनेच करत असणार, हा निष्कर्ष त्यातून निघणे स्वाभाविक होते. त्याच संस्थेतील ऑस्वल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ साली दाखवून दिले की न्यूमोनियाच्या जिवाणूंचा एक गुणधर्म दुसऱ्या जिवाणूंमध्ये नेणारा पदार्थ डीएनए हाच आहे. पुढे अर्विन चारगाफ यांनी मोजमापे करून सिद्ध केले की बेसचे प्रमाण प्रत्येक जीवजातीत वेगळे असते, मात्र ॲडेनिन व थायमिन यांचे प्रमाण परस्परांइतके आणि ग्वानिन व सायटोसिन यांचे परस्परांइतके भरते. रोझलिंड फ्रँकलिन व रेमंड गॉसलिंग यांच्या क्ष-किरण छायाचित्रांच्या आधाराशिवाय जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांना १९५३ साली दुहेरी सर्पिलाची रचना मांडता आली नसती, हेही येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

आता प्रमाणाविषयी. एका जागी चार पर्याय, दोन जागी सोळा, तीन जागी चौसष्ट, या हिशेबाने शक्यता किती वेगाने वाढतात हे आपल्या लक्षात येईल. मानवी गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे ३.१ अब्ज जोड्या असतात. संगणकाच्या भाषेत प्रत्येक जागा २ बिटांची धरली, तर हा मजकूर ७७५ मेगाबाइटच्या जवळपास भरतो. आपल्या बहुतेक पेशींत असे दोन संच असतात आणि त्यांतील सर्व डीएनए सरळ मांडला तर त्याची लांबी सुमारे २ मीटर होईल. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळला गेल्यामुळे काही मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात सामावतो.

या क्रमातील तीन-तीन बेसचा गट एका अमिनो आम्लाचा निर्देश करतो. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाय यांनी १९६१ साली या सांकेतिक लिपीतील पहिला संकेत उलगडला. उरलेल्या संकेतांच्या उकलीत हरगोविंद खुराना यांनी प्रयोगशाळेत बनवलेल्या ठरावीक क्रमाच्या साखळ्यांचा मोठा वाटा होता आणि १९६८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना निरेनबर्ग व रॉबर्ट हॉली यांच्यासमवेत मिळाले. चौसष्टपैकी एकसष्ट संकेत अमिनो आम्लांचे असतात, तर तीन संकेत प्रथिन तेथे संपते असे सांगतात. मात्र या संकेतांचा अर्थ डीएनएच्या रेणूत कोरलेला नसतो, तो वाचणाऱ्या यंत्रणेमुळे ठरतो. आपल्याच शरीरात याचा पुरावा आहे. केंद्रकातून आलेल्या संदेशात, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या आरएनएत (त्यात थायमिनऐवजी युरॅसिल, म्हणजे ‘यू’, असते), ‘यूजीए’ हा संकेत प्रथिन थांबवतो, पण तंतुकणिकांची (पेशीतील ऊर्जाकेंद्रांची, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांची) स्वतःची यंत्रणा तोच संकेत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लासाठी वाचते.

प्रश्न : जीवशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते की एटीपीच्या फॉस्फेट बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते. रसायनशास्त्राच्या तासाला मात्र आम्ही शिकवतो की कोणताही बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. विद्यार्थ्यांनी कोणते खरे मानावे? – माध्यमिक शिक्षक, संगमनेर

उत्तर : रसायनशास्त्राच्या तासाला जे शिकवले जाते ते खरे आहे, आणि हा विरोध आपण नेमकेपणाने पकडला याचे मला मनापासून समाधान वाटते, कारण जीवशास्त्राच्या अध्यापनातील हा सर्वांत टिकाऊ गैरसमज असावा.

एटीपी म्हणजे ॲडेनिन, रायबोज शर्करा आणि एकापुढे एक जोडलेले तीन फॉस्फेट गट. पेशीतील पाण्यात या फॉस्फेट गटांवर मिळून जवळपास चार ऋणप्रभार असतात आणि ते एकमेकांना दूर लोटत असतात. शेवटचा फॉस्फेट पाण्याच्या साहाय्याने वेगळा होतो तेव्हा एक बंध तुटतो हे खरे, पण त्याच वेळी नवे बंधही तयार होतात. प्रभारांचे परस्पर प्रतिकर्षण कमी होते, सुट्या झालेल्या फॉस्फेटमधील इलेक्ट्रॉन अधिक मोकळेपणाने पसरतात आणि पाण्याचे रेणू दोन्ही तुकड्यांना अधिक चांगले वेढून घेतात. या साऱ्यांची बेरीज केली असता अंतिम स्थिती आरंभीच्या स्थितीपेक्षा अधिक स्थिर ठरते, आणि त्या दोन स्थितींमधील फरक हीच आपल्याला मिळणारी ऊर्जा होय. फ्रिट्झ लिपमान यांनी १९४१ साली या बंधासाठी नागमोडी रेघेची खूण रूढ केली. ती खूण सोयीची होती, पण ऊर्जा त्या रेघेतच कोंडलेली असते अशी समजूत तिच्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली.

याहून महत्त्वाची गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. प्रमाण परिस्थितीत एटीपीच्या जलविघटनातून दर मोलमागे सुमारे ३०.५ किलोजूल मुक्त ऊर्जा मिळते, पण जिवंत पेशीत हा आकडा ५० किलोजूलच्या आसपास जातो. रेणू तोच असताना हा फरक का पडतो? कारण पेशीने एटीपीचे प्रमाण एडीपीच्या, म्हणजे शेवटचा फॉस्फेट गेल्यावर उरणाऱ्या रेणूच्या, तुलनेत खूपच जास्त राखलेले असते. ही अभिक्रिया आपोआप समतोलाला पोहोचू दिली, तर जवळपास सगळा एटीपी संपून एडीपी उरेल, आणि जिवंत पेशी त्या समतोलापासून कोट्यवधी पटींनी दूर असते. म्हणजे ऊर्जा एकट्या रेणूत नसून समतोलापासून राखलेल्या या अंतरात आहे. एटीपीला ‘ऊर्जेचे चलन’ म्हणण्याची रीत आहे आणि ती उपमा मर्यादित अर्थाने योग्यही आहे, कारण नोटेचे मोल कागदात नसून ती ज्या व्यवस्थेत चालते त्या व्यवस्थेत असते. मृत पेशीत एटीपी व एडीपी समतोलाला आले, की एटीपीचे उरलेसुरले रेणू रासायनिकदृष्ट्या पूर्वीसारखेच असूनही त्यांच्याकडून कोणतेही काम होऊ शकत नाही.

हे अंतर अखंडपणे राखण्याचे काम प्रामुख्याने तंतुकणिका करतात. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत नेताना त्या आपल्या आतील पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठवत जातात, आणि ते प्रोटॉन परत येताना एटीपी सिंथेज या विकराचा (एन्झाइमचा) एक भाग अक्षरशः गोल फिरतो. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा तिला कडवा विरोध झाला. पुढे १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विकराचे ते फिरणे १९९७ साली जपानी संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. एका फेरीत एटीपीचे तीन रेणू तयार होतात. प्रोटॉनमुळे पटलाच्या दोन बाजूंत पडणारा विद्युत फरक दीडशे मिलिव्होल्टच्या आसपासचा असतो. हा आकडा नगण्य वाटेल, पण पटलाची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर असल्यामुळे तेथील विद्युत क्षेत्र दर मीटरला सुमारे ३ कोटी व्होल्ट इतके तीव्र असते.

वर्गात सांगताना, ‘बंध तुटल्यामुळे ऊर्जा मिळते’ या वाक्याऐवजी ‘एटीपीचे एडीपीत रूपांतर होताना ऊर्जा मिळते’ एवढा बदल केला तरी पुष्कळ काम होईल.

प्रश्न : एटीपी एवढा उपयोगी आहे, तर शरीर त्याचाच साठा का करत नाही? चरबी कशासाठी? – वाचक, नागपूर

उत्तर : शरीरात कोणत्याही क्षणी असलेला एटीपी स्नायूंनी पूर्ण जोराने काम केल्यास काही सेकंदांतच संपेल, आणि तरीही दिवसभरात आपण जवळपास स्वतःच्या वजनाइतका एटीपी वापरतो. तेच ते रेणू दिवसभरात शेकडो वेळा मोडतात व पुन्हा बनतात. शिवाय एवढा जड आणि प्रभारित रेणू साठवून ठेवणे पेशीला परवडणारे नाही, कारण त्याच्याबरोबर पाणी व धनप्रभारित आयनही आत ओढले जातील.

साठ्यासाठी म्हणूनच वेगळे रेणू आहेत. ग्लायकोजेनमध्ये ग्लुकोजचे हजारो रेणू फांद्याफांद्यांच्या रचनेत जोडलेले असतात. प्रौढ माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम, तर स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. हेच ग्लुकोज सुटे ठेवले असते, तर परासरणामुळे पाणी आत शिरून यकृताच्या पेशी फुटल्या असत्या. फांद्यांमुळे अनेक टोके एकाच वेळी मोकळी असतात, म्हणून हा साठा झटपट वापरता येतो आणि स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडत असतानाही तो उपयोगी पडतो. मात्र ग्लायकोजेन पाणी धरून ठेवते, म्हणून तो जड साठा आहे. चरबीतील कार्बन अणूंना अधिक हायड्रोजन जोडलेला असतो आणि चरबी पाण्याविना साठते. तिच्यापासून दर ग्रॅमला सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, तर कर्बोदकांपासून सुमारे ४. प्रत्यक्षात ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर २ ते ३ ग्रॅम पाणी वाहावे लागते हे हिशेबात घेतले, तर हा फरक आणखी कितीतरी वाढतो.

वजन वाहून न्यावे लागते तेथे चरबी का निवडली जाते, याचे उत्तम उदाहरण अमूर ससाणा हा पक्षी आहे. नागालँडमध्ये वाळवीवर ताव मारून अंगावर चरबी चढवलेले हे लहानसे पक्षी भारतीय द्वीपकल्प ओलांडतात आणि पुढे अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेकडे जातात. वनस्पतींत दोन्ही पद्धती दिसतात. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेलाचा असतो, तर ज्वारीच्या दाण्यात बहुतांश स्टार्च असतो. चरबीची मर्यादा एवढीच की तिच्यातील मेदाम्ले ऑक्सिजनवाचून वापरता येत नाहीत आणि मेंदू ती थेट इंधन म्हणून वापरत नाही. म्हणून दोन्ही साठे लागतात.

प्रश्न : एटीपीचा शोध एका भारतीयाने लावला हे खरे आहे का? – वाचक, लातूर

उत्तर : होय, पण तो एकट्याचा शोध नव्हता. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करताना १९२९ साली स्नायूंतून एटीपी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीतील कार्ल लोहमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले. त्याआधी १९२७ साली स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा शोधही फिस्क व सुब्बाराव यांनी जाहीर केला होता. पुढे औषधनिर्मितीकडे वळल्यावर सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने फॉलिक आम्लाच्या संश्लेषणात आणि हत्तीरोगावरील डीईसी या औषधाच्या विकासात मोठी कामगिरी केली. विदर्भातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत मोहिमेच्या वेळी ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांत हेच औषध असते. १९४८ साली ते निवर्तले. त्यांचे नाव आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत आजही अपवादानेच आढळते आणि ही उणीव भरून निघायला हवी.

प्रश्न : एटीपी आणि डीएनए या दोन्हींत ॲडेनिन, शर्करा आणि फॉस्फेट कसे? माहितीचा रेणू आणि ऊर्जेचा रेणू इतके सारखे असणे हा योगायोग आहे का? तसेच, करोनाच्या काळात आरएनएच्या लसी अतिशीत तापमानात का ठेवाव्या लागत होत्या? – वाचक, पणजी

उत्तर : ही नुसती समानता नाही. आरएनएच्या साखळीत ॲडेनिनचा जो घटक जोडला जातो, तो एटीपीच असतो, आणि डीएनएमध्ये त्याचाच एक ऑक्सिजन कमी असलेला भाऊबंद येतो. नवा घटक साखळीला जोडला जाताना त्याचे दोन फॉस्फेट एकत्रितपणे निखळतात आणि लगेच दुसरे विकर त्या जोडीचेही विघटन करते, त्यामुळे अभिक्रिया उलट फिरत नाही. याचा अर्थ असा की माहिती लिहिण्यासाठी लागणारी ऊर्जा प्रत्येक अक्षर स्वतःबरोबरच घेऊन येते. ही व्यवस्था चुका दुरुस्त करण्यासाठी मोलाची आहे. चुकीचा घटक जोडला गेला तर विकर तो कापून टाकते, आणि पुढे येणारा योग्य घटक आपली ऊर्जा घेऊनच येत असल्यामुळे काम अडत नाही. ऊर्जा वाढत्या साखळीच्या टोकावर असती, तर तो घटक कापताक्षणीच ती नाहीशी झाली असती आणि साखळी तेथेच खुंटली असती. साखळी एकाच दिशेने का वाढते, याचे हेच सर्वांत पटण्याजोगे कारण मला वाटते. ही तपासणी आणि नंतरची दुरुस्ती मिळून डीएनएची नक्कल करतानाच्या चुका अब्जावधी बेसमागे एखाद्यापर्यंत खाली येतात.

दोन्ही ठिकाणी फॉस्फेटच का, याचे उत्तर हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ फ्रँक वेस्टहाइमर यांनी १९८७ साली मांडले आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील ते सर्वांत सखोल उत्तर आहे. फॉस्फेट दोन बाजूंना बंध जोडू शकतो आणि तरीही त्याच्यावर एक ऋणप्रभार शिल्लक राहतो. हा प्रभार पाण्याच्या रेणूंचा व ऋणप्रभारित कणांचा हल्ला थोपवतो, तसेच रेणूला पेशीपटलातून बाहेर निसटू देत नाही. पाण्यात डीएनएचा कणा आणि एटीपी हे दोन्ही ऊर्जेच्या दृष्टीने तुटण्याकडे झुकलेले असतात, पण विकराच्या मदतीवाचून ते तुटणे अतिशय मंद असते. डीएनएमध्ये या मंदपणामुळे मजकूर टिकतो, तर एटीपीमध्ये त्याच मंदपणामुळे ऊर्जा कधी व कोठे वापरायची हे विकरांच्या हाती राहते. साठवण ही या अर्थाने नेहमीच वेगाची गोष्ट असते. अस्थिर रेणू योग्य क्षण येईपर्यंत थांबला, तरच त्याला साठा म्हणता येते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच मंदपणात आहे. आरएनएच्या शर्करेवर ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एक जादा गट असतो. तो शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करू शकतो, आणि त्यामुळे आरएनएची साखळी डीएनएपेक्षा कितीतरी पटींनी लवकर तुटते. पेशीत संदेश अल्पकाळच हवा असतो, म्हणून तेथे हा दोष उपकारक ठरतो. शिवाय सायटोसिनमधील एक नायट्रोजनयुक्त गट आपोआप गळून त्याचे युरॅसिल होत असते. डीएनएमध्ये युरॅसिलच्या जागी थायमिन असल्यामुळे तेथे सापडलेले युरॅसिल ही चूक आहे हे दुरुस्ती करणाऱ्या विकरांना ओळखता येते. आरएनएला ही सोय नाही. डीएनएची ही झीज आणि तिची दुरुस्ती उलगडणारे टोमास लिंडाल २०१५ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.

लसीमधील आरएनए टिकवायचा, तर त्याचे पाण्याबरोबरचे हे तुटणे थांबवावे लागते. एक मार्ग तापमान खूप उतरवण्याचा, तर दुसरा पाणीच काढून टाकण्याचा. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने दुसरा मार्ग निवडला. तिच्या आरएनए लसीला २०२२ साली भारतात आपत्कालीन वापराची मान्यता मिळाली, आणि गोठवून कोरडी केलेली असल्यामुळे ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे साध्या शीतकपाटात ठेवता येत होती.